डावा कान

जहाजावरून येऊन पाच महिने झाले.
बॅग अजून माळ्यावर गेलेली नाही,
तिच्या चाकांत कुठल्याशा बंदराची वाळू आहे.
आई म्हणते, राहू दे खालीच,
बोलावणं आलं की परत कोण चढणार शिडीवर.

बोलावणं येत नाही.
एजंटाचा फोन लागतो, तोही मीच लावला तर.
"हिदायतभाई, पुढच्या सीझनला
खोल्यांकडं माणसं कमी घेणार म्हणतायत."
खोल्यांकडं.
म्हणजे मी कुठं होतो इतकी वर्षं, ते एका शब्दात.

अठरा खोल्या, दिवसातून दोनदा.
कोण रडून झोपलंय ते उशीवरून कळायचं,
कोण गोळी घ्यायला विसरलंय ते ग्लासावरून,
आणि नवराबायकोचं बिनसलं
की चादर एकाच बाजूला चुरगळलेली असायची.
हे कुणी विचारलं नाही कधी.
बरं झालं. तेवढं तरी माझ्याजवळ राहिलं.

संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा हत्ती ठेवायचो.
सोंड ताठ, पाय भक्कम,
डावा कान जरासा पडलेला.
पडायचाच तो.
बारा वर्षांचा असताना उद्यमनगरात
अब्बांच्या लेथनं माझ्या डाव्या तर्जनीचं टोक नेलं,
तिथं घडी नीट दाबली जात नाही.
एक म्हातारी म्हणाली होती,
सगळ्या जहाजात तुझाच हत्ती ऐकतोय असं वाटतं.

मग एक दिवस खालच्या डेकवर नेलं.
पांढरी भिंत, चार कॅमेरे, मऊ आवाजाची मुलगी.
हळू करा. परत करा. अजून हळू.
एकेचाळीस हत्ती केले त्या दुपारी,
संस्थानच्या पिलखान्यातही एवढे नसतील.
जाताना चॉकलेटचा डबा दिला,
त्यावर नाव माझंच, स्पेलिंग दुसऱ्याचं.

रोझेंदोच्या बारवर आधीच एक हात बसला होता.
नुसता हात.
ग्लास भरून झाला की कमरेतून वाकायचा, कंबर नसताना,
आणि लोक टाळ्या वाजवायचे.
रोझेंदोला सोळा वर्षांत कुणी टाळी वाजवली नव्हती.
त्या रात्री मी वाजवली, मेसच्या मागं, एकट्यानं.
तो वाकला नाही.
"बंद कर," म्हणाला, "माझा ग्लास रिकामाच आहे."

पुढच्या फेरीला खोल्यांचं यंत्र आलं.
त्याचा पहिला हत्ती मी पाहिला,
पाहुणे यायच्या आधी, दारात उभा राहून.
डावा कान पडलेला.

हे अब्बांना सांगितलं काल, गंगावेशीत.
रात्री तिथं धारोष्ण दूध प्यायला जातो आम्ही,
म्हैस समोर, ग्लास समोर,
मध्ये फक्त गवळ्याची बोटं.
अब्बाही असेच एकदा घरी बसले होते,
शॉपमध्ये सीएनसी आली त्या वर्षी.
त्याच्या आधी मालकानं खुर्ची देऊन विचारलं होतं,
बाबालाल, हाताला माप कळतं कसं तुझ्या?
आणि यांनी सांगितलं होतं सगळं,
चहा गार होईपर्यंत.

म्हशीनं शेपूट मारलं. गवळ्यानं शिवी घातली, लाडानं.
अब्बा मिशीवरचा फेस पुसायचे विसरले.
"कान कुठला म्हणालास?"
"डावा."
"मग नातू लागतंय ते," म्हणाले, "आपल्या लेथचं."
आणि हसले. किंवा ठसका लागला असेल.

घरी आलो तर रझियाची पोरगी जागीच.
अब्बांचा पंचा पुढं केला, हत्ती कर म्हणाली.
केला.
तिनं कान उचलला, सोडला, परत उचलला.
"मामू, झोपलाय का हा?"
नाही गं, म्हटलं.
तिकडं आत्ता संध्याकाळची पाळी असेल.
बरेच जागे आहेत.